विहारासाठी बुद्धमूर्ती: थायलंडची, श्रीलंकेची की आपल्या वळणाची?

प्रश्न थोडक्यात असा. हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात नवं बुद्ध विहार पुरं होत आलंय. सभागृह 20 बाय 30 फुटांचं आहे. समितीने तीन फुटी संगमरवरी मूर्ती घ्यायचं ठरवलं आणि ग्रुपवर पाच फोटो येऊन पडले: डोक्यावर ज्योत असलेली सोनेरी थाई, श्रीलंकेची ध्यानस्थ, ब्रह्मदेशातल्या मंडालेची पांढरीशुभ्र, जपानी काशाची आणि एक हसरी, ढेरपोटी. तरुण मंडळी म्हणतात डोळे उघडे हवेत, वडीलधारे म्हणतात मिटलेले हवेत. विचारणा आहे: यातले खरे बुद्ध कोणते, आणि चुकीची मूर्ती बसली तर काय?

जय भीम. तुमचा वाद चेहऱ्याचा वाटतो, पण अडलंय दुसरीकडेच. मूर्तीसमोर बसून तुम्ही काय करणार आणि तिच्याकडे कुठून बघणार, हे अजून कुणी बोललेलं नाही. ते ठरलं की मुद्रा, डोळे, चौथरा, दगड हे सगळं ओघाने ठरतं.

'खऱ्या चेहऱ्याचा' मुद्दा आधी निकालात काढू. बुद्धांच्या हयातीतलं चित्र किंवा मूर्ती कुठेच नाही. त्यांच्यानंतर काही शतकं शिल्पकार त्यांना माणसाच्या रूपात दाखवतच नव्हते. सांचीला, भरहुतला बोधिवृक्ष आहे, रिकामं आसन आहे, पावलं आहेत, चक्र आहे, माणूस नाही. लांब कशाला, कराडजवळची आगाशिवची लेणी बघून या, चैत्यात नुसता स्तूप आहे. मूर्ती घडू लागली ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास, गांधार आणि मथुरा अशा दोन ठिकाणी. गांधारच्या कारागिरांनी राखट शिस्ट दगडात लाटांसारखे केस, दोन्ही खांदे झाकणारं जाड चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, आणि त्याच्या खोल चुण्या कोरल्या; काही मूर्तींना मिशासुद्धा आहेत. मथुरेच्या कारागिरांनी लाल ठिपकेदार वालुकाश्मात रुंद छातीचा, उजवा खांदा उघडा असलेला, अंगाला चिकटलेल्या पातळ वस्त्रातला बुद्ध घडवला. काळ साधारण एकच, पण चेहरे दोन. दोघांनीही आपल्या मुलखातला देखणा माणूस घेतला आणि त्यावर परंपरेतली लक्षणं चढवली.

ती लक्षणं मात्र बहुतेक ठिकाणी सारखी: माथ्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष, भुवयांमधला ठिपका म्हणजे ऊर्णा, राजपुत्रपणी घातलेल्या जड कुंडलांनी लोंबलेल्या कानाच्या पाळ्या, उजवीकडे वळलेल्या केसांच्या वळ्या. मूर्ती तपासायची ती यांवरून. नाक चपटं की सरळ, हा त्या त्या देशाचा हात.

आता फोटो. हसरी मूर्ती ताबडतोब बाजूला काढा, कारण ते गौतम बुद्ध नव्हेतच. तो बुदाई, दहाव्या शतकातला चिनी भिक्षू. खांद्यावर झोळी घेऊन हिंडणारा. चीनमध्ये त्याला पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचं रूप मानतात, म्हणून मठाच्या दाराशी त्याची मूर्ती असते. आपल्याकडे कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गिफ्टच्या दुकानांत तो 'लाफिंग बुद्धा' होऊन पैसा आणतो. त्याचा अपमान नको, पण विहाराच्या गाभ्यात त्याची जागा नाही.

जपानी फोटोतही एक गोची आहे. तुम्ही पाठवलेला कामाकुराचा महाबुद्ध आहे. 1252 साली ओतकाम सुरू झालेली काशाची मूर्ती. ते शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, नव्हेत, अमिताभ आहेत, सुखावती लोकाचे बुद्ध. ओळखायचं हातांवरून: मांडीवरच्या दोन्ही हातांच्या तर्जन्या उभ्या दुमडून अंगठ्यांना टेकलेल्या असतात. जपानमध्ये कोट्यवधी लोक याच अमिताभांचं नाव घेतात, त्यांच्या साधनेत ते चपखल बसतं. आपल्याकडे वंदना गौतम बुद्धांची, त्यामुळे हातांची ती घडण इथे जुळणार नाही. हुबळीच्या पुढे मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत कुणी गेलं असेल, तर तिथले मुकुट घातलेले किंवा निळ्या रंगाचे बुद्ध आठवतील. तेही वेगळे बुद्ध आहेत. निळे ते भैषज्यगुरू, म्हणजे औषधाचे. फोटो आवडला म्हणून मागवला आणि विहारात भैषज्यगुरू येऊन बसले, असं होऊ शकतं.

उरले तीन. तिघेही थेरवादी, म्हणजे जुनी पाली परंपरा पाळणाऱ्या, देशांतले आणि तिन्ही गौतम बुद्धांचेच, त्यामुळे यातलं कोणतंही 'चूक' नाही.

थाई मूर्तीच्या डोक्यावरची ज्योत हे तिथल्या सुखोथाई काळातलं वळण. हात बहुधा भूमिस्पर्श मुद्रेत, म्हणजे उजवा हात गुडघ्यावरून जमिनीकडे. थाई लोकांत जन्मवारानुसार मूर्तीची ढब ठरलेली असते: मंगळवारवाल्याची पहुडलेली, गुरुवारवाल्याची ध्यानस्थ, शनिवारवाल्याची नागाच्या फण्याखालची. लोक मूर्तीला सोन्याचा वर्ख चिकटवतात. सोनेरी लकाकी हा तिथे दानाचा भाग आहे. आपण तीच मूर्ती आणून सोनेरी ऑइल पेंट मारतो, तो दोन-तीन वर्षांत काळपट पडतो आणि मग दर वर्षी नवा थर. पाच थरांनंतर पापणीची धार बुजते आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो.

मंडालेची मूर्ती पांढऱ्या संगमरवराची, गुळगुळीत, कान खांद्याला टेकलेले, ओठ रंगवलेले. ब्रह्मदेशातल्या महामुनी मूर्तीवर भक्तांनी इतका वर्ख चढवलाय की अंग गाठीगाठींचं झालंय, चेहरा तेवढा रोज पहाटे धुऊन लखलखीत ठेवतात. 'परदेशी मूर्ती आपल्या विहारात कशाला' असं समितीत कुणी म्हणत असेल, तर त्यांना एवढंच सांगा: 25 डिसेंबर 1954 ला देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बसवलेली बुद्धमूर्ती रंगूनहून आणलेली होती.

श्रीलंकेत डोळ्यांचा मान मोठा. मूर्ती पुरी झाली तरी डोळे कोरे ठेवतात आणि शेवटी 'नेत्रमंगल' विधीत चित्रकार मूर्तीकडे पाठ करून, आरशात बघून डोळे रंगवतो. जपानमध्येही नाराच्या महाबुद्धांचे डोळे 752 साली असेच समारंभाने उघडले आणि ते काम केलं बोधिसेन नावाच्या भारतातून गेलेल्या भिक्षूने. आपल्याकडे असा विधी नाही आणि प्राणप्रतिष्ठा तर नाहीच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने दगडात प्राण घालायचे कशाला? भिक्खू येतात, त्रिसरण-पंचशील होतं, परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठीच्या पाली सुत्तांचं पठण, होतो, मूर्तीवरचं वस्त्र काढलं जातं. एवढं पुरतं.

आता आपल्या विहारात काय चालतं ते बघा. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन. रविवारी वंदना. बुद्धपौर्णिमा, 14 एप्रिल, 6 डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन. म्हणजे माणसं पांढऱ्या कपड्यांत जमिनीवर मांडी घालून तासभर बसतात आणि समोर बघतात. वर्ख लावत नाहीत, तिबेट्यांसारखी मूर्तीभोवती प्रदक्षिणा घालत नाहीत, अभिषेक करत नाहीत. तुमची मूर्ती ही बसलेल्या माणसाने, समोरून, खालून बघायची आहे. माझी पुढची सगळी मतं यावरून निघतात. तुमच्याकडे उभं राहून हार घालून निघून जायची पद्धत असती, तर मी उभी, अभय मुद्रेतली, म्हणजे उजवा तळवा समोर उचललेली, मूर्ती सुचवली असती.

मुद्रा. धर्मचक्र मुद्रेत दोन्ही हात छातीशी असतात, बोटं सुटी. सारनाथची पाचव्या शतकातली मूर्ती याच मुद्रेतली आणि प्रवचनाच्या जागेला अर्थाने ती शोभते. पण तीन फुटी संगमरवरात ती सुटी बोटं पेन्सिलएवढी होतात. ट्रकमध्ये नाही तुटली, तर पुसताना तुटतात. जुने शिल्पकार बोटांमध्ये दगड तसाच ठेवायचे. बुद्धांच्या परंपरेतल्या बत्तीस लक्षणांत बोटांना जाळी असल्याचं एक लक्षण आहे, ते इथे कामाला येतं. तेवढं करणारा कारागीर मिळाला तर धर्मचक्र घ्या. एरवी ध्यान, म्हणजे मांडीत तळव्यावर तळवा, किंवा भूमिस्पर्श. दोन्हींत हात अंगाला टेकलेले राहतात, धोका कमी.

डोळ्यांवर थोडं जास्त लिहितो, कारण निम्मी बिघडलेली कामं इथे बिघडलेली असतात. ज्याला सगळे 'मिटलेले डोळे' म्हणतात ते मिटलेले नसतात, अर्धोन्मीलित, म्हणजे अर्धे उघडे, असतात. तीन फुटी मूर्तीचा चेहरा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत साधारण साडेसहा-सात इंच भरतो, डोळा दीडएक इंच रुंद. वरची पापणी कमळाच्या पाकळीसारखी लांब वाकते, खालची जवळजवळ सरळ. वरच्या पापणीची कडा दोन-तीन मिलिमीटर पुढे उचललेली असते. वरून उजेड पडला की तिची बारीक सावली खाली पडते आणि ती सावलीच बुबुळ होते. न रंगवता मूर्ती तुमच्याकडे बघते ती अशी. घाईचा कारागीर ही कडा उचलत नाही, नुसती रेघ मारतो. मग बुद्ध झोपलेले दिसतात आणि तुमच्या तरुणांची तक्रार खरी ठरते.

त्यांचा आग्रह कुठून येतो ते कळतं. बाबासाहेबांच्या नावाने ओळखलं जाणारं उघड्या डोळ्यांचं बुद्धचित्र घराघरांत आहे आणि जगाकडे बघणारा, चालणारा बुद्ध हवा ही इच्छा रास्त आहे. पण कागदावर जे जमतं ते पांढऱ्या दगडात तसंच जमत नाही. पूर्ण उघडा डोळा न रंगवता कोरा वाटतो आणि रंगवला की रोखून बघतो. माझं मत: दगडात अर्धोन्मीलित डोळे, पण पापणी पाव भाग अजून वर उचललेली. कारागिराला शब्दांत सांगू नका, मातीचं मॉडेल मागा. कोल्हापुरात बापट कॅम्पात किंवा गंगावेशीकडे शाडूत चेहरा करून देणारा माणूस सहज मिळेल. तो चेहरा भिंतीवर ठेवा, खाली मांडी घालून बसा, वरून बॅटरी मारा आणि वाद तिथे मिटवा.

चौथरा. मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 30 इंचांवर असतात. कमळासन धरून चौथरा 30 इंच ठेवला तर तीन फुटी मूर्तीचे डोळे 58 ते 60 इंचांवर येतात. उभ्या माणसाच्या नजरेला नजर भिडते आणि सहा फुटांवर बसलेल्याकडे ती नजर खाली उतरते. मान दाखवायचा म्हणून लोक चौथरा साडेचार-पाच फूट करतात. मग पुढच्या रांगेला हनुवटी आणि नाकपुड्या दिसतात, मांडीवरचे हात गुडघ्यांआड जातात. 30 इंचांवरसुद्धा हात थोडे झाकतात, म्हणून ध्यानमुद्रेतले तळवे किंचित पुढे कलते कोरायला सांगा. उजेड वरून आणि थोडा एका बाजूने, पिवळसर. चौथऱ्याच्या कडेला खालून ट्यूब लावू नका, त्याने चेहरा भुतासारखा दिसतो. मागे फिरणारी रंगीत एलईडी चक्रं लावायची का, ते समितीने आपसात बघावं. मी लावू देणार नाही.

बाबासाहेबांचा पुतळा किंवा तसबीर कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येईलच. बुद्ध मध्यभागी, बाबासाहेब एका बाजूला, चौथरा सहा-आठ इंच कमी आणि फूटभर पुढे. एकाच उंचीवर शेजारी ठेवले तर दोन्हींवर नजर ठरत नाही.

ऑर्डर देताना कुठे फसगत होते ते सांगतो. व्यापारी 'तीन फूट' म्हणतो त्यात कमळ आणि प्रभावळही धरतो, हातात येते सव्वादोन फुटी मूर्ती. बिलावर लिहून घ्या: आसनापासून उष्णीषापर्यंत 36 इंच. बैठ्या मूर्तीत गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंतचं अंतर उंचीच्या सुमारे चार पंचमांश हवं, म्हणजे 28 ते 30 इंच. दगड वाचवायला ते 24 वर आणतात आणि मूर्ती खांबासारखी दिसते.

दुसरी फसगत आपल्या भागात जास्त. इथे जैन मंदिरं पुष्कळ आणि राजस्थानातल्या अनेक कारखान्यांत तीर्थंकर आणि बुद्ध एकाच साच्याच्या अंदाजाने कोरले जातात. छातीवर श्रीवत्साचं चिन्ह असेल, चीवराची रेघच नसेल, तर ती तीर्थंकरांची घडण आहे. बुद्धांच्या डाव्या खांद्यावरून चीवराची कड छातीवर तिरकी उतरलीच पाहिजे आणि घोट्याशी वस्त्राची किनार दिसली पाहिजे.

तिसरी, फोटो उलटा होणं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने किंवा एखाद्या अ‍ॅपने आरशासारखा फिरवलेला फोटो कारागिराकडे जातो आणि तो इमानेइतबारे डाव्या हाताने भूमिस्पर्श करणारा बुद्ध कोरतो. पाठवण्याआधी खांदा बघा. उघडा खांदा उजवा असायला हवा. ध्यानमुद्रेत आपल्याकडे उजवा तळवा डाव्यावर. झेन साधनेत बसणारे डावा वर ठेवतात, त्यामुळे जपानी फोटोवरून काम केलं की हाही घोळ होतो.

साहित्य तुमच्या गावाच्या जागेवर अवलंबून आहे. पंचगंगेच्या काठचं गाव असेल तर 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा भिंतींवर असतील. चौथऱ्याचा माथा त्या खुणेच्या वर नेता येत नसेल तर प्लॅस्टरची मूर्ती मुळीच घेऊ नका, पाण्यात भिजून ती कमजोर होते. संगमरवर टिकतो, पण गाळाचे डाग राहतात. काळा बसाल्ट सगळ्यात निर्धास्त. मात्र काळ्या दगडात पापणीची सावली दिसत नाही, म्हणून उजेड जास्त लागतो आणि कोरीव कामही खोल लागतं. फायबर 20-25 किलोत होतं, दोघं उचलून वरच्या मजल्यावर नेतात. उघड्यावर उन्हात मात्र पिवळं पडतं. संगमरवरी तीन फुटी मूर्ती 350 ते 400 किलो भरते. ती तळमजल्यावर भरीव विटांच्या चौथऱ्यावर, वर चार इंच काँक्रीट. वरच्या मजल्यावर बसवायची असेल तर बीम कुठून जातो ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय जागा ठरवू नका.

उतरवताना पट्टा मांडीच्या खालून, कधीही मानेतून किंवा काखेतून नाही. पेटी ट्रकवरच उघडून कान, नाक, बोटं बघा आणि मगच सही करा. मूर्तीखाली राखाडी सिमेंट वापरू नका. त्यातले क्षार वर चढून पांढऱ्या दगडाच्या बुडाला तपकिरी पट्टा येतो आणि तो जात नाही. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी घ्या. बैठ्या मूर्तीला सळी लागत नाही, वजनच पुरतं. वेगळी प्रभावळ असेल तर तिला लागते, तेव्हा स्टेनलेस स्टीलची. साधी लोखंडी सळी गंजून फुगते आणि दगड फोडते.

नंतरची निगा सोपी आहे. मेणबत्त्या आणि उदबत्त्या मूर्तीपासून निदान तीन फुटांवर, वेगळ्या टेबलावर. नाहीतर वर्षभरात हनुवटीखाली काजळी धरते. झेंडूचा ओला हार रात्रभर गळ्यात ठेवू नका, त्याचा पिवळा डाग मुरतो. बुद्धपौर्णिमेच्या आधी उत्साही पोरं लिंबू, चिंच किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड घेऊन बसतात. आम्लाने संगमरवर विरघळतो, पहिली झीज होते ती पापणीच्या त्या दोन मिलिमीटर कडेची. कोमट पाणी, चिमूटभर सौम्य साबण, जुनं सुती धोतर, बस्स. गावाचं नाव न सांगता फक्त पुराची खूण किती फुटांवर होती आणि सभागृहाचं दार कोणत्या बाजूला आहे, एवढं कळवलंत तर चौथऱ्याची जागा आणि दिव्याचा कोन नेमका सांगता येईल.